गुलाबी पिसाचा पंचनामा

१८ मार्च १९७३, रविवार

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझा चंदनाचा साबण चोरीला गेला.

पंचनामा पुढीलप्रमाणे. ठिकाण — भिंगार, माझ्या राहत्या घराच्या मागल्या दारची न्हाणी. मुद्देमाल — वडी एक, दोनदाच वापरलेली. आरोपी — कावळा, रंग काळा, मान करडी, आधीचे गुन्हे असंख्य. फिर्यादी — मी, वय सत्तेचाळीस, मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, साप्ताहिकात दर आठवड्याला एक तिरकस लेख लिहून गावाची बोलणी खाते. नळाला पाणी दिवसाआड, म्हणून अंघोळही दिवसाआड. तेव्हा या दुष्काळात दोन दिवसांतून एकदा माणसासारखं व्हायची जी काय संधी मिळते, तीही एका पाखराने हिरावून घ्यावी? दाद कुणाकडे मागायची?

धोपाटणं घेऊन परसात धावले. शिव्या दिल्या. कोणत्या, ते इथेही लिहिणार नाही — मराठी शिकवते. कावळा शेजारच्या पत्र्यावर बसून साबणाला चोच मारत होता आणि दर खेपेला तोंड वाकडं करत होता. चंदन मानवलं नसावं.

आणि एकाएकी झाडून सगळे कावळे आमच्या कडुनिंबाकडे वळले. नुसती बोंबाबोंब! पाहते तर मधल्या फांदीवर एक पक्षी. पारव्याएवढा. पाठ राखी, छातीवर बारीक तपकिरी आडव्या रेघा — एकेरी वहीला असतात तशा. डोळे लाल. भोवती आठ कावळे ओरडताहेत, आणि हा मान वळवून एकेकाकडे असा बघतो की मला माझा आठवीचा वर्ग आठवला. आठव्या कावळ्यापर्यंत नजर गेली तेव्हा सगळे गप्प होते.

यांचं कपाट उघडलं. दीड वर्ष किल्ली फिरवली नव्हती. दुर्बीण जागेवर होती. लष्कराच्या लिलावातली, डाव्या भिंगाला बुरशी. हे म्हणायचे, 'अर्धी तर दिसते ना दुनिया? पुष्कळ झाली.' अर्ध्या दुनियेत पाऊण तास बघत बसले. चहा उकळून करपला.

शिक्रा आहे. लाल डोळा म्हणजे नर. यांच्या वहीत लिहिलंय.

१९ मार्च

साबण परत आला! खातूनभाभी वाटीत घालून घेऊन आल्या — भिंतीपलीकडच्या, खाजाभाई गवंड्यांच्या घरच्या. "बाई, ह्यो तुमचाच असंल. आमच्यात चंदन कोन लावतंय?" चोचीचे तीन खड्डे आहेत, बाकी माल शाबूत.

वाटी गूळ घालून परत दिली. रिकामं भांडं परत करायचं नसतं. बाकी धर्म मला फारसा जमत नाही, एवढा पाळते.

२४ मार्च

मादी आली! नरापेक्षा मोठी, डोळे पिवळे. दोघं मिळून कडुनिंबाच्या वरच्या बेचक्यात काटक्या रचताहेत. नर काटकी आणतो, मादी ती उपसून दुसरीकडे लावते, नर बघत राहतो. कुणाच्या घराची ही हकीकत वाटावी? आमच्याच.

यांची वही काढली. पोस्टातून साडेपाचला आले की डोणीजवळ खुर्ची टाकून बसायचे. दगडाची डोणी यांनीच रांजणगावच्या कुणाकडून गाडीत घालून आणली होती, पाखरांना पाणी प्यायला. मी म्हणायचे, "घरात बादली फुटलीय ती बदलायला सवड नाही, आणि चिमण्यांना हौद!" वहीत डाव्या हाताला पक्ष्याचं नाव, उजव्या हाताला तारीख. बुलबुल, दयाळ, शिंजीर, तांबट, सातभाई, होला, हुदहुद. सगळ्यांपुढे तारखा. शिक्र्याचं वर्णन अर्धं पान, कुठल्याशा पुस्तकातून उतरवलेलं, आणि तारखेची जागा कोरी.

तिथे १८ मार्च लिहिलं. अक्षर माझं आहे हे पाहणाऱ्याला कळेल. कळो.

१ एप्रिल

डोणीत रोज तांब्याभर पाणी घालते. तांदूळ धुतलेलं चालतं का? साळुंक्यांना चालतं. बुलबुल नाक मुरडतात — त्यांना नाक नाही तरी. शेजारच्या मालनबाई भिंतीवरून म्हणाल्या, "बाई, मान्सं टँकरमागं पळत्यात, अन् तुमी पाखरांची पानपोई चालवताय!" म्हटलं, "मालनबाई, तुमचा राजाही इथेच पितो."

राजा म्हणजे त्यांचा बोका. तांबूस, गुबगुबीत, चालीत जहागीरदारी. मालनबाईंना मूलबाळ नाही. पती कानिफराव एसटीत ड्रायव्हर, पाथर्डीची खेप असते. तेव्हा घरात दिवसभर मालनबाई आणि राजा, आणि बोलणं अखंड. तिन्ही घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या, त्यामुळे राजाचं राज्य तिन्ही परसांत.

९ एप्रिल

शिक्रीण बैठकीला बसली. अंडी घातली असणार. नर दिवसातून चारदा येतो, काहीतरी पंजात धरून. लांबूनच हाक देतो — टिटीऊ! टिटीऊ! ती उठून जाते, घेते, येते. परवा सरडा होता. काल मला वाटतं चिमणी.

आज ऐकलं, टिटीऊ! — सातभाई धूम पळाले, तोंडातला किडा टाकून. बघते तर शिक्रा नाहीच. तारेवर कोतवाल पक्षी बसलेला! त्यानेच शिक्र्याचा आवाज काढला, आणि खाली उतरून तो किडा शांतपणे खाल्ला. मी एकटी परसात मोठ्याने हसले. लेखाला विषय मिळाला. साहेबाच्या आवाजात बोलून चपराशी काय काय खातो, त्यावर.

खातूनभाभींच्या कोंबडीखाली तेरा पिल्लं निघाली. सगळी गुलाबी! घार उचलते म्हणून रंगवतात. रंगपंचमीची उरलेली पुडी पाण्यात कालवून त्यात एकेकाला बुडवलं. "घारीला वाटतं, ह्ये कायतरी इपरीत हाय. हात लावत न्हाई." इतकं सुबक शास्त्र मी ऐकलं नव्हतं.

खाजाभाईंना चार महिने काम नाही. पाणी नाही तर बांधकाम कुठलं? ओट्यावर परांचीचे बांबू रचून ठेवलेत, त्यांच्यावर धूळ. घर त्या कोंबड्यांवर चाललंय, हे भाभी सांगत नाहीत, पण दिसतं. अंडी शेजारपाजारी जातात. तेरा पिल्लं म्हणजे दिवाळीपर्यंतचा हिशेब.

१५ एप्रिल

एक पिल्लू गेलं.

१७ एप्रिल

दुसरं गेलं. भाभी भिंतीपाशी उभ्या राहून नुसत्या मोजत होत्या. पुन्हा मोजत होत्या.

१९ एप्रिल, गुरुवार

आज मी खोटं बोलले. लेखात नाही — लेखात खोटं बोलायला परवानगी असते. भिंतीपाशी, तीन माणसांसमोर, तोंडावर.

क्रमाने लिहिते. सकाळी डोणीत पाणी घालायला गेले. कडुनिंबाखाली पानांत काहीतरी गुलाबी. चार बारकी पिसं, आणि एक पाय. काडीएवढा. तोही गुलाबी.

रंग घारीसाठी होता. शिक्र्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी पाय मातीत पुरला. पिसं गोळा केली, पदरात घेतली. का? तेव्हा विचार केला नाही. बाई पंचनामे लिहिते, आणि पुरावा बाईच्या पदरात.

दहा वाजता तिसरं पिल्लू गेल्याची ओरड झाली. खाजाभाई भिंतीवर चढलेले, हातात परांचीतला सगळ्यात लांब बांबू. "बाई, तुमच्या झाडावर कायतरी शिकारी जात बसतीया. बांबूनं घरटं पाडतो. दोन मिन्टाचं काम हाय, तुमच्या झाडाला धक्का बी लागनार न्हाई."

वर शिक्रीण बसलेली. फक्त शेपटीचं टोक बाहेर.

मी म्हटलं, "खाजाभाई, तो शिक्रा. सरडे खातो, टोळ खातो. पुस्तकात लिहिलंय." खरंच लिहिलंय. पुढच्याच ओळीत कोंबडीची पिल्लंही लिहिलीत. ती ओळ मी वाचून दाखवली नाही.

"मग कोन खातंय?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "मांजर असेल."

मालनबाई धुणं टाकून आल्या. "माझा राजा? माझा राजा असं करायचा न्हाई! त्याला उंदीर दावला तर बिचारा तोंड फिरवतोय!"

"मालनबाई, मांजराची जात…" मी म्हणाले. मुलींना मी निबंध देते, 'जातीवरून माणसाची पारख करू नये.' मांजराला निबंध लागू नाही.

खाजाभाईंचा बांबू हवेतच. सगळे खातूनभाभींकडे बघायला लागले. पिल्लं त्यांची. त्यांनी झाडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, चांगला बराच वेळ. आणि म्हणाल्या, "व्हय. मांजरच. म्या शेपूट बघितलं."

माझ्या खोट्याला खातूनभाभींनी शेपूट जोडलं! जे नव्हतंच, ते त्यांना कसं दिसलं, देव जाणे.

बांबू खाली आला.

पिसं या पानात ठेवली आहेत. वही मिटली तरी रंग लागतो.

२० एप्रिल

राजाला पोत्यात घातलं. मालनबाईंनी घातलं, स्वतः. "शेजारनीच्या पोटावर माझं मांजर पाय देनार न्हाई," एवढंच म्हणाल्या. कानिफरावांनी पोतं गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवलं आणि पाथर्डीला नेऊन स्टँडवर सोडलं. येताना रिकामं पोतं घडी घालून आणलं.

पोतं जाताना आणि रिकामं येताना मी खिडकीतून पाहिलं. दुर्बिणीशिवाय स्पष्ट दिसलं.

२२ एप्रिल

मालनबाईंच्या घरातून बोलण्याचा आवाज नाही. भिंतीला कान लावला तर फक्त स्टोव्ह.

२८ एप्रिल

घरट्यात पांढरं काही हललं! शिक्रीण चोचीने बारीक बारीक तुकडे करून खाली घालते. आई होते तेव्हा ती अजिबात शिकारी दिसत नाही. चमच्याने भरवणारी बाई दिसते.

उत्तरपत्रिका एकशे चाळीस. तपासताना दर पाच पेपरांनी उठून एकदा वर बघते. ज्या मुलींचे पेपर त्या वेळी हातात होते त्यांना दोन मार्क जास्त पडले असतील. त्यांना कळणार नाही कुणाचे आभार मानायचे.

२ मे

चौथं पिल्लू गेलं.

राजा पाथर्डीला. तरी गेलं. आता?

खाजाभाई म्हणाले, "मुंगूस असंल." मी म्हटलं, "असेल." भाभींनी उरलेली मोजली. मालनबाईंनी भिंतीवरून ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. शिवी तरी. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

५ मे

पाचवं. तेरातून पाच गेली, आठ उरली. आजपासून भाभींनी उरलेली डालग्याखाली झाकली, दिवसभर. डालग्याच्या भोकांतून गुलाबी चोची बाहेर. तुरुंगातली वरात.

११ मे

साप्ताहिकाचे संपादक मच्छिंद्रराव सायकलवर आले. गुरांच्या छावणीवरचा माझा लेख गाजतोय म्हणे. मेलेल्या बैलाच्या नावाची वैरण महिनाभर उचलणाऱ्या मुकादमावर मी तो लिहिला होता — नाव न घेता, गाव न सांगता. "बाई, काय हाणलंय! एका वाचकाने लिहिलंय, 'अशी सत्याची चाड हल्ली कुठे दिसते?'" आणि त्यांनी ते पत्र मला दिलं, जपून ठेवा म्हणून.

मी ते या वहीत ठेवलं. पिसांच्या शेजारी. दोघांची ओळख होऊ दे.

मुकादमाला मी म्हटलं होतं, 'मेलेल्याच्या नावावर जिवंत माणूस जगतो.' वाक्य बरं होतं. आता वाचताना वाटलं, मुकादमाच्या घरीही कुणी झाडावर बसलेलं असेल का?

हे छापण्यासारखं नाही.

१७ मे

ऊन असं की पत्रा तडतडतो. दुपारी एक ते तीन शिक्रीण घरट्याच्या काठावर उभी राहते, पंख अर्धवट पसरून, पिल्लांवर सावली धरून. चोच उघडी, छाती धपापते. दोन तास. हलत नाही. सूर्य सरकतो तशी तीही सरकते. यांनी हे कधीच पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं असं वाटतं — म्हणजे उजव्या भिंगाने.

तीन वाजता ती उतरून डोणीत बसली. चक्क बसली, पोटापर्यंत. पाणी उडवलं. माझ्यापासून सहा हातांवर. मी खांबाआड श्वास धरून. पाखरांच्या डोणीवरून मी या घरात किती बोलले असेन, त्याचा हिशेब नको. त्या डोणीत आज पाणी होतं. एवढं पुरे.

तीन पिल्लं. मोजली.

२३ मे

खाजाभाईंना काम लागलं! दुष्काळी कामावर विहिरी बांधतायत, तिथे गवंडी हवेत. बांबू ओट्यावरून हलले. म्हणजे दोन्ही अर्थांनी बरं झालं, आणि त्यातला एक अर्थ मी कुणाला सांगू शकत नाही.

२७ मे, रविवार

तिन्ही उडाली!

पहिलं पहाटेच फांदीवर होतं. दुसरं नऊ वाजता — उडालं कसलं, पडलं, आणि वाटेत त्याला आठवलं की आपल्याला पंख आहेत. तिसरं दुपारपर्यंत घरट्यातच. काठावर यायचं, खाली बघायचं, मागे सरकायचं. आई समोरच्या फांदीवर सरडा घेऊन बसली आणि तिने तो दिला नाही. अजिबात दिला नाही. शेवटी भूक जिंकली.

मी टाळ्या वाजवल्या. सत्तेचाळीस वर्षांची बाई, परसात, एकटी.

आणि मग घरटं रिकामं झालं, आणि टाळ्या थांबल्यावर मला मालनबाईंचा स्टोव्ह ऐकू आला.

आता काही निमित्त उरलं नाही.

२८ मे

बाजारातून पाच पिल्लं आणली. पिशवीत चिवचिव, टांग्यात सगळे वळून बघत होते. रंगाची पुडी कुठे मिळेना — रंगपंचमी होऊन दोन महिने झाले. घरात रंग म्हणून एकच. पेपर तपासायची लाल शाई. अर्धी दौत बशीत ओतली, पाणी घातलं, आणि एकेकाला बुडवलं. माझे हात मनगटापर्यंत लाल. पिल्लं थोडी अपमानित दिसली.

उद्या उजाडताना भाभी पाण्याला जातील तेव्हा डालग्याखाली सरकवणार. कुणी विचारलं तर मला काही माहीत नाही.

२९ मे

सरकवली. काम फत्ते. इतकी वर्षं लोकांच्या चोऱ्या उघड करतेय. स्वतः केली तर किती सोपी असते!

३० मे, बुधवार

सोपी नसते.

खातूनभाभी सकाळी आल्या. पदराखाली खोकं, खोक्यात माझी पाच लाल पिल्लं. ओट्यावर ठेवलं. मी म्हटलं, "अरेच्चा, ही कुठली?"

"बाई, माझी पिल्लं झाली दीड महिन्याची. कोंबड्या व्हायला आली. अन् ही आठ दिसांची! माघारी वाढली व्हय?"

एकशे चाळीस पेपर तपासणाऱ्या बाईला हे साधं गणित सुचलं नव्हतं.

"अन् कोंबडीनं टोचून टोचून हाकलली. तिला कळतंय आपली कुठली. अन् रंग गुलाबी हुता, लाल न्हाई." माझे हात त्यांनी धरले, उलटे केले. नखांत शाई. "आता ह्ये धुवा. साबन हाय न्हवं?"

आणि हसायला लागल्या. आणि मीही. आणि मग मी हसत नव्हते, पण त्यांनी हात सोडला नाही.

मी सगळं सांगितलं. पिसं, पाय, पुस्तकातली पुढची ओळ. त्या ऐकत राहिल्या, जशा आधी ऐकलेली गोष्ट ऐकतात.

"दुसऱ्या पिल्लालाच म्या बघितलं," त्या म्हणाल्या. "पंजात. गुलाबी गुलाबी लोंबत हुतं. वर झाडात गेला."

"मग शेपूट? तुम्ही म्हणालात, मांजराचं शेपूट बघितलं!"

"तुमी मांजर म्हनला. मंग मांजराला शेपूट नगं?"

"पण का, भाभी? पिल्लं तुमची होती. खाजाभाईंना काम नव्हतं."

त्यांनी खोक्यातलं एक पिल्लू बाहेर काढलं, तळहातावर ठेवलं. बोलताना त्याच्याकडेच बघत होत्या.

"तुमचं मालक गेलं. दीड वरीस तुमच्या घरातनं आवाज न्हवता, बाई. चूल पेटल्याली कळायची, पर मानूस हाय का न्हाई कळायचं न्हाई. त्या रविवारी तुमी धोपाटनं घेऊन कावळ्यामागं पळाला. काय शिव्या दिल्या! म्या ह्यांना हाक मारली, 'ऐकताय का, बाई जिती झाली!' अन् त्या दिसापास्नं तुमी परसात. हसताय काय, टाळ्या काय. बांबूनं घरटं पाडलं असतं, मंग?" पिल्लाची मान त्यांनी बोटाने कुरवाळली. "पाच पिल्लं जड गेली. खोटं न्हाई सांगत. लई जड गेली. पर नंतरची आठ झाकली न्हवं? आपुन शानं व्हायचं. पाखराला काय सांगनार?"

आणि पिल्लू खोक्यात परत ठेवत, "मांजराचं मातुर वाईट झालं. त्ये पाप निम्मं माझं. शेपूट मीच लावलं."

लाल पिल्लं त्यांनी ठेवून घेतली. "वाढवते. नगं म्हनलं तर तुमी आनखी पाच आनाल, अन् ती हिरवी असतील."

गेल्यावर हात धुतले. साबणाला तीन खड्डे अजून आहेत, झिजून उथळ झालेत.

३१ मे

दोनदा मालनबाईंच्या दारापर्यंत गेले. दोनदा परत आले. दुसऱ्यांदा म्हटलं, बोलून काय देणार त्यांना? वाक्यं माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचं मांजर नाही.

उद्या कानिफरावांची सुट्टी आहे. पाथर्डीच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर असेल.

१ जून, शुक्रवार

पहिल्या गाडीने पाथर्डी. स्टँडच्या कँटीनमध्ये पहिल्याच बाकाखाली राजा. सापडेल अशी आशा नव्हती. सापडला तर हाडं दिसतील असं वाटलं होतं. पूर्वीपेक्षा जाड! कँटीनवाले गहिनीनाथ म्हणाले, "ह्यो? ह्यो आमच्या डायवरसायबांचा. रोज खेपेला डबा येतो त्याचा घरनं, दूध-भाकरी. वहिनी म्हनं रोज विचारत्यात, खाल्लं का. म्या म्हनलं, मंग घरी न्या की! तर म्हनले, न्हाई, आमच्या शेजारच्या बाईंच्या झाडावर कायतरी बारकी पिल्लं हायती, ती उडेस्तवर ह्यो इथंच बरा."

कालचा डबा तिथेच होता. तो मी मागून घेतला, राजाला पिशवीत घातलं. परतीच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, "बाई, ह्यो पॅशिंजर फुल का हाफ?" म्हटलं, "फुल."

घरी आले. डबा घासला. आमच्या वाट्याचं दूध त्यात ओतलं, झाकण लावलं. मालनबाईंच्या ओट्यावर ठेवला, शेजारी पिशवीचं तोंड सोडलं, आणि कडी न वाजवता परत आले.

भिंतीपलीकडे बोलणं सुरू झालंय. अखंड.

झाडावर टिटीऊ झालं. शिक्रा की कोतवाल, मान वर करून पाहिलं नाही. ऐकतेय.